एवढं सगळं पुसत कोण असेल?

मागच्या उन्हाळ्यात आई तीन महिने माझ्याकडे लंडनला राहायला आली होती. वय ७४, गुडघे कुरकुरतात, पण फिरायची हौस दांडगी. टॉवर ब्रिज, लंडन आय, राजवाडा हे सगळं पहिल्या दोन आठवड्यांत उरकलं आणि मग एका सकाळी चहा पिता पिता म्हणाली, अगं मोठं मोठं खूप बघून झालं, आता इथली माणसं पूर्वी घरात राहायची कशी ते दाखव ना.

मला लगेच केन्सिंग्टनमधलं सॅमबोर्न हाऊस आठवलं. मी स्वतः तोवर गेले नव्हते, नुसतं ऐकून होते. आपल्याकडे व्हिक्टोरियन म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते सीएसएमटी, हायकोर्ट, राजाबाई टॉवर, म्हणजे सगळं दगडी, सरकारी, मान वर करून बघायचं. पण ज्या काळात हे बांधलं गेलं त्या काळात इथला एखादा नोकरदार माणूस संध्याकाळी घरी येऊन चपला कुठे काढत होता, जेवायला कुठे बसत होता, याचं चित्र काही केल्या माझ्या डोक्यात नव्हतं.

तर हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइन, बेकर स्ट्रीटला बदला, एजवेअर रोडला परत बदला असं करत करत हाय स्ट्रीट केन्सिंग्टनला उतरलो. मेन रोडवर दुकानांची झुंबड आणि दोन गल्ल्या आत शिरलं की एकदम चिडीचूप. स्टॅफर्ड टेरेस. एकाला एक चिकटलेली, सगळी सारखीच दिसणारी उंच घरं, खांब, पायऱ्या, काळं रेलिंग. १८ नंबर. नंबर बघितला नसता तर पुढेच गेलो असतो.

१८७५ साली एडवर्ड लिन्ली सॅमबोर्न आणि त्याची बायको मॅरियन इथे राहायला आले, लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तो ‘पंच’ या साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार. पंच म्हणजे त्या काळी एवढं मोठं प्रस्थ की आपल्या मुंबईतूनसुद्धा ‘हिंदी पंच’ निघायचा, गुजराती आणि इंग्रजीत, त्याच धाटणीचा. लिन्लीचं एक चित्र तुम्ही नक्की बघितलं असणार, नाव माहीत नसलं तरी. दक्षिण आफ्रिकेतला बडा इंग्रज साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्स आफ्रिकेच्या नकाशावर एक पाय इजिप्तमध्ये आणि एक पाय केपमध्ये ठेवून उभा आहे, हातात टेलिग्राफची तार ताणून धरलेली. १८९२ चं ते चित्र साम्राज्यशाहीवरच्या कुठल्याही पुस्तकात हमखास असतं. ते काढणारा माणूस या घरात राहायचा.

आत शिरल्यावर पहिली दोन मिनिटं डोळ्यांना काही दिसतच नाही. अंधार नाही म्हणता येणार, पण गडद आहे. भिंतींवर विल्यम मॉरिसचे वॉलपेपर, जड पडदे, रंगीत काचांच्या खिडक्या, आणि मग हळूहळू एकेक वस्तू पुढे यायला लागते. डायनिंग रूममध्ये वर कडेकडेने फळी फिरवलेली, तिच्यावर निळ्या पांढऱ्या चिनी मातीच्या बश्या आणि फुलदाण्या ओळीने. खाली भिंतीभर फ्रेम. फ्रेमला फ्रेम खेटून. घड्याळं, पुतळे, पंखे, खुर्च्या, परत खुर्च्या. रिकामी जागा दिसली की तिथे काहीतरी ठेवायचंच असा पणच केला असावा.

आई दारातच थांबली. चष्मा वर सरकवला, एकदा डावीकडून उजवीकडे बघितलं आणि म्हणाली, “एवढं सगळं पुसत कोण असेल गं?”

मला वाटलं सहज बोलली. आपल्याकडे कोणाकडेही शोकेस बघितलं की बायका हेच म्हणतात ना. पण ती खरंच विचारत होती. मग मी जे वाचलं होतं ते सांगायला लागले, की त्या काळी घराघरात दगडी कोळसा जळायचा, प्रत्येक खोलीत फायरप्लेस, वर गॅसचे दिवे, बाहेर गिरण्यांचा आणि आगगाड्यांचा धूर. म्हणजे धूळ नुसती धूळ नव्हती, चिकट काजळी होती. सकाळी पुसलेलं संध्याकाळी परत काळं. आईने नुसती मान हलवली. “मग रोज,” एवढंच म्हणाली.

पहिल्या मजल्यावर ड्रॉइंग रूम. ही खोली घराच्या पुढच्या बाजूपासून मागच्या बाजूपर्यंत सलग पसरलेली आहे, आणि बरीच वर्षं हिच्याच एका टोकाला उजेडाला बसून लिन्ली चित्रं काढायचा. दर आठवड्याला चित्र द्यायचं म्हणजे द्यायचं, बुधवारी पंचवाल्यांचं जेवण, तिथे विषय ठरणार आणि मग घरी येऊन धावपळ. डेडलाइनवर जगणाऱ्या माणसाचं घर आहे हे, हे मला फार आवडलं. सरदार नाही, उमराव नाही. महिन्याचा हिशोब मांडणारं घर.

आणि तो हिशोब चक्क भिंतीवर दिसतो. या खोलीत नंतर त्यांनी जपानी पद्धतीचा महागडा कागद लावला, चामड्यासारखा दिसणारा, उठावाचं काम केलेला, सोनेरी झाक असलेला. पण तो एवढा महाग होता की मोठ्या चित्रांच्या मागे त्यांनी तो लावलाच नाही! दिसणारच नाही तर कशाला पैसे घालवायचे. चित्रं हलवली की खाली जुना मॉरिसचा कागद तसाच. शिवाय ती भिंतीवरची चित्रंसुद्धा बरीचशी मूळ पेंटिंग नाहीत, नामांकित चित्रांचे फोटो आहेत, छान फ्रेम करून लावलेले. आईला हे सांगितल्यावर तिचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू. आमच्या डोंबिवलीच्या घरी दिवाळीला रंग काढताना बाबा कपाटामागची भिंत नेहमी सोडायचे, कपाट हलवायचंय कुणाला म्हणून. दीडशे वर्षांपूर्वीचा लंडनचा चित्रकार आणि माझे बाबा, डोकं अगदी एकच. मला त्या खोलीत उभं असताना पहिल्यांदा हे लोक ओळखीचे वाटले.

मॅरियन १८८१ पासून डायरी लिहीत होती, वर्षानुवर्षं. कोण भेटायला आलं, कुणाकडे जेवायला गेलो, मुलांची तब्येत, आपली तब्येत, नोकरमाणसांची कटकट. त्या डायऱ्या आणि बिलं आणि पत्रं टिकली म्हणून आज आपल्याला हे घर नीट वाचता येतं. मोठ्या माणसांची चरित्रं हजार मिळतील, पण एका मध्यमवर्गीय बाईचं घर रोज कसं चाललं होतं हे सांगणारा कागद किती घरांत सापडेल?

वर गेल्यावर बाथरूम. इथे संगमरवरी टब आहे आणि त्यात लिन्ली फोटो धुवायचा. त्याला फोटोग्राफीचं वेडच लागलं होतं. सुरुवात कामासाठी झाली, चित्रात एखादा सैनिक किंवा मंत्री विशिष्ट पोझमध्ये हवा असेल तर मॉडेल कुठून आणणार, मग स्वतःच वेष करून उभा राहायचा, बायकोला, मुलांना, घोडागाडी हाकणाऱ्या नोकराला उभं करायचा. असे हजारो फोटो त्याने काढून ठेवले, बरेच निळ्या रंगाचे, सायनोटाइप म्हणतात ते. हे फोटो बघताना घरातली सगळी माणसं एकदम जिवंत होतात. पण याच माणसाने बायको गावाला गेली की मॉडेल मुलींना बोलावून नग्न फोटो काढले, आणि पुढे केन्सिंग्टनच्या रस्त्यावरून चालणाऱ्या मुलींचे त्यांच्या नकळत फोटो घेतले. तेही याच संग्रहात आहेत. मला ते बघून बरं वाटलं नाही आणि मी ते इथे लिहितेय कारण घर आवडलं म्हणून घरमालकाचं सगळंच गोड मानायची मला गरज वाटत नाही.

मधल्या मजल्यावर आई जरा टेकली. तिथे एक वयस्कर स्वयंसेवक बाई उभ्या होत्या, फार गोड बोलणाऱ्या. आईने मला सांगितलं, यांना विचार, आत्ता हे कोण पुसतं? मी विचारलं. बाईंना प्रश्न एवढा आवडला की त्यांनी आईच्या शेजारी येऊन समजावून सांगितलं. फडकं शक्यतो वापरत नाहीत. मऊ केसांचा ब्रश घ्यायचा, धूळ हलकेच उडवायची आणि दुसऱ्या हातात अगदी कमी ओढीचा व्हॅक्युम धरून ती उडालेली धूळ त्यात घ्यायची. वस्तूला घासायचं नाही. कोरीव कामाला तर नाहीच नाही, कारण फडक्याचा धागा अडकला की कपची निघते.

मी मराठीत सांगत होते आणि आई ऐकता ऐकता हसायला लागली. म्हणाली, “सांग त्यांना, आमच्याकडे दाढीचा ब्रश होता.”

मला काही कळेना. “चल, वर सांगते,” म्हणाली आणि उठली.

वर जायला जिने चढावेच लागतात आणि ते वर वर अरुंद होत जातात. सगळ्यात वर लिन्लीचा नंतरचा स्टुडिओ आणि तिथेच घरातल्या मेडची खोली. अलीकडे हे घर परत नीटनेटकं करून २०२२ मध्ये उघडलं तेव्हा ही मेडची खोली पुन्हा उभी केली. आधीचे चार मजले बघून आल्यावर या खोलीत एकदम मोकळं वाटतं, कारण इथे काही नाहीच. एक पलंग, गरजेपुरतं सामान. खाली भिंतीचा इंचही सोडलेला नाही आणि इथे भिंतच भिंत.

या घरात स्वयंपाकीण, पार्लरमेड, हाऊसमेड, मुलं लहान असताना नर्स अशी माणसं असायची. स्वयंपाकघर तळघरात, झोपायचं माळ्यावर. पहाटे वरून खाली उतरायचं, चुली पेटवायच्या, कोळसा वर न्यायचा, गरम पाणी वर न्यायचं, राख खाली आणायची, आणि रात्री सगळे निजले की परत सगळे जिने चढून इथे यायचं. आईने खोलीच्या दारात उभं राहून जिन्याकडे मागे वळून बघितलं, तिचे गुडघे तिला सांगत असतील ते मला न सांगता कळलं.

आणि मग तिने आजीचं सांगितलं.

आजी म्हणजे माझी आईची आई. गिरगावात चाळीत एका खोलीत सात माणसं. आजी कामाला जायची हे मला माहीत होतं, घरात कधीतरी उल्लेख व्हायचा, पण ‘कामाला’ म्हणजे नक्की काय ते कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. गामदेवीला एक पारशी बाई होत्या, एकट्या राहायच्या, त्यांचा मोठा ब्लॉक होता आणि तो असाच, अस्साच भरलेला. शिसवी कपाटं, चिनी फुलदाण्या, काचेच्या पेट्या, हस्तिदंती माणसं. आजी तिथे रोज झाडणं पुसणं करायची. आई १० वर्षांची असल्यापासून शनिवारी शाळा सुटली की आजीबरोबर जायची, कारण शनिवारी शोकेस निघायचं. एकेक वस्तू दोन हातांनी उचलायची. एका हाताने कधीच नाही. खाली जुनी चादर घडी करून पसरलेली असायची, तिच्यावर ज्या क्रमाने काढलं त्या क्रमाने मांडायचं म्हणजे परत ठेवताना चुकत नाही. आई ते मोजून पाठ करायची, वरच्या फळीवर ११, मधल्या फळीवर १४, असं. आणि कोरीव कामातली धूळ काढायला आजीने आजोबांचा जुना दाढीचा ब्रश नेऊन ठेवला होता. कुणी शिकवलं नव्हतं. तिला आपोआप सुचलं.

“एक तरी फुटलं का गं कधी?” मी विचारलं.

“आजीच्या हातून? एकही नाही. २२ वर्षांत.” आणि मग थोडं थांबून, “माझ्या हातून एक बशी. बाई काही बोलल्या नाहीत. आजीने घरी आल्यावर मारलं.”

आम्ही दोघी त्या माळ्यावरच्या खोलीच्या दारात बराच वेळ उभ्या होतो. मागून एक कुटुंब आलं, त्यांना वाट दिली, ते बघून गेले, आम्ही तिथेच. मी ४६ वर्षांची आहे आणि माझ्या आजीने २२ वर्षं हे काम केलं हे मला माझ्या आईने केन्सिंग्टनमध्ये सांगितलं.

आता हे घर टिकलं कसं, तर तेही ऐकण्यासारखं आहे. लिन्ली १९१० मध्ये गेला, मॅरियन १९१४ मध्ये. मुलगा रॉय, त्याने लग्न केलं नाही, तो १९४६ मध्ये जाईपर्यंत इथेच राहिला आणि त्याने काही म्हणजे काही बदललं नाही. मग घर आलं बहिणीकडे, मॉडकडे, आणि तिच्यानंतर तिच्या मुलीकडे, अ‍ॅनकडे. ही अ‍ॅन म्हणजे काउंटेस ऑफ रॉस. तो काळ असा की व्हिक्टोरियन म्हणजे कुरूप, जुनाट, पाडून टाका. आपल्याकडे लोकं आजीचं शिसवी कपाट भंगारवाल्याला देऊन सनमायका लावत होती ना, तसंच. अ‍ॅनने याच घरात काही मंडळींना बोलावलं, आणि त्यातून १९५८ मध्ये व्हिक्टोरियन सोसायटी उभी राहिली, कवी जॉन बेट्जमन आणि इमारतींचा इतिहास लिहिणारे निकोलस पेव्हस्नर त्यांच्यात होते. युस्टन स्टेशनची कमान त्यांना वाचवता आली नाही, ती पाडली. पण सेंट पँक्रस स्टेशनचं हॉटेल वाचलं. ते बांधणारा आर्किटेक्ट गिल्बर्ट स्कॉट, ज्याने आपला राजाबाई टॉवरही डिझाइन केला. म्हणजे या गल्लीतल्या एका बाईने आजोबांचं घर टाकून द्यायला नकार दिला आणि गोष्ट कुठवर गेली बघा. १९८० मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलने घर सामानासकट विकत घेतलं आणि मग लोकांना बघायला खुलं झालं.

मला राहून राहून वाटत होतं की टिकवणं या शब्दाला आपण फार उशिरा सुरुवात करतो. अ‍ॅनच्या आधी रॉय होता, आणि रॉयच्या आधी रोज सकाळी कुणीतरी त्या निळ्या बश्या दोन हातांनी उतरवून परत ठेवत होतं. ते कुणी एका दिवशी जरी धसमुसळेपणाने केलं असतं तरी वरच्या फळीवर आज ओळ अर्धीच असती.

बाहेर पडून हाय स्ट्रीटने चालत गेलो. वाटेत डिझाइन म्युझियम लागतं, जुन्या कॉमनवेल्थ इन्स्टिट्यूटच्या इमारतीत, तंबूसारखं तांब्याचं छप्पर आहे त्याला. आत गेलो नाही, नुसतं बाहेरून बघितलं. हॉलंड पार्कात बाकावर बसून थालीपीठ आणि दही खाल्लं. थर्मासमधला चहा. समोर एक मोर आरामात चालत गेला, इथे मोर सुटे फिरतात, आई म्हणाली, हा आपल्याकडचाच दिसतोय.

तिथून लेटन हाऊस जवळच. दोन्ही घरं एकाच तिकिटात बघता येतात. आणि दोन्ही एका दिवशी बघावीत असं माझं ठाम मत आहे, कारण एक बघितल्याशिवाय दुसऱ्याचं काय ते कळतच नाही. फ्रेडरिक लेटन हा त्या काळचा बडा चित्रकार, १८७८ पासून मरेपर्यंत रॉयल अकादमीचा अध्यक्ष. लिन्लीसारखा तयार घर घेऊन सजवणारा नव्हे, याने जॉर्ज एचिसन या आर्किटेक्टकडून १८६० च्या दशकात स्वतःसाठी घर बांधून घेतलं आणि पुढे ३० वर्षं त्यात भर घालत राहिला.

बाहेरून विटांचं साधंच घर. आत शिरून दोन पावलं टाकली की भिंती मोरपिशी निळ्या. विल्यम डी मॉर्गनच्या टाइल्स, निळ्या म्हणजे किती निळ्या, आई म्हणाली, पैठणीचा पदर! जिन्याशी पेंढा भरलेला मोर. आणि मग अरब हॉल. वर सोनेरी घुमट, मध्ये काळ्या संगमरवराचं कुंड आणि त्यात पाण्याची एक बारीक धार, भिंतींवर दमास्कसहून आणलेल्या तीन चारशे वर्षं जुन्या टाइल्स, फुलं, पक्षी, वेली, आणि वर कुराणातली सूरा अर-रहमानची अक्षरं. त्या खोलीत सगळे आपोआप हळू बोलतात.

या टाइल्स मिळवायला लेटनला ज्यांनी मदत केली त्यांत रिचर्ड बर्टन होता, जो आधी दमास्कसला ब्रिटिश कॉन्सुल होता. आणि हा बर्टन त्याआधी आपल्याकडे, बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीत. मराठीची परीक्षा पास झालेला माणूस, गोव्यावर १८५१ मध्ये पुस्तक लिहिलेला. आईला हे फार काही विशेष वाटलं नाही. ती कुंडाशेजारी उभी राहून पाण्याचा आवाज ऐकत होती. मला मात्र वाटत राहिलं की या टाइल्स कुणाच्या तरी भिंतीवरून निघाल्या. काही पडक्या घरांतल्या असतील, काही नसतीलही. सुंदर आहेत म्हणून हा विचार जात नाही, उलट जास्तच येतो.

वर मोठा थोरला स्टुडिओ, उत्तरेचा उजेड. मॉडेल म्हणून येणाऱ्या मुलींसाठी मागून वेगळा जिना. आईने तो बरोब्बर शोधून काढला, “हा कशाला?” म्हणून. पुढच्या निळ्या जिन्याने नाही यायचं. आणि एवढ्या मोठ्या घरात बेडरूम किती, तर एक. लहानशी, साधी, एक माणूस झोपेल असा पलंग. लेटनने लग्न केलं नव्हतं. १८९६ मध्ये त्याला लॉर्डपद मिळालं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. बहिणींनी घर विकायला काढलं, पण एका बेडरूमचं घर घेणार कोण. शेवटी आतलं सामान लिलावात गेलं, चित्रं, गालिचे, फर्निचर, सगळं चहूकडे पांगलं, आणि घर रिकामं उरलं.

आज तिथे जे दिसतं ते पुढच्या लोकांनी एकेक करून परत जमवलेलं, काही मूळ, काही जुने फोटो बघून त्यासारखं केलेलं. शेवटचं मोठं काम २०२२ मध्ये पूर्ण झालं, त्याला सुमारे ८० लाख पौंड लागले. काम अप्रतिम आहे, मला त्यात काही खोट काढायची नाही. पण सकाळचं घर बघून आल्यावर फरक अंगाला जाणवतो. तिथे एकाही माणसाने शंभर वर्षांत सामान बाहेर काढलं नाही. इथे एकदा निघालं, आणि ते परत आणायला सव्वाशे वर्षं झाली तरी काम संपलेलं नाही.

लेटनच्या मागोमाग या भागात चित्रकारांची रांगच लागली, मेलबरी रोडवर त्यांची घरं अजून आहेत, आता अफाट श्रीमंत लोकांची. चालता चालता १८ नंबरवर निळी पाटी दिसली, दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांचा राजा सेत्श्वायो १८८२ मध्ये इथे राहिला होता. इंग्रजांशी लढून हरलेला, राज्य गेलेला, राणीला भेटून ते परत मागायला आलेला राजा. आई त्या पाटीसमोर थांबून म्हणाली, आपल्या रंगो बापूजींसारखं. सातारच्या छत्रपतींचं राज्य परत मिळावं म्हणून लंडनमध्ये वर्षानुवर्षं खेटे घालणारे रंगो बापूजी गुप्ते. मला सुचलं नसतं ते. त्या राजाला रस्त्यावरच्या लोकांनी गर्दी करून बघितलं म्हणतात, आणि लोकांना तो बघायची वस्तू वाटला असणार, याचा विचार करत आम्ही परत पार्कात आलो.

पार्काच्या मधोमध हॉलंड हाऊस आहे, म्हणजे होतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा भलामोठा वाडा. सप्टेंबर १९४० मध्ये एका रात्री बॉम्ब पडून जळला. त्याच्या लायब्ररीचा एक फोटो जगभर गाजलाय, छत कोसळलेलं, खाली लाकडांचा ढिगारा, आणि हॅट घातलेले तीन पुरुष शांतपणे शेल्फवरची पुस्तकं चाळतायत. आता एक बाजू आणि दर्शनी कमानींचा भाग उभा आहे, उन्हाळ्यात त्याच्यासमोर ऑपेराचा मंडप घालतात. परत बांधायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. पंधरा मिनिटांच्या पायी अंतरात तीन घरं, आणि तिघांची नशिबं तीन.

तिथल्या भिंतीला टेकून आईने विचारलं, “बाबासाहेब राहायचे ते घर इथून लांब आहे का गं?”

लांब नाही, पण त्या दिवशी तिचे पाय संपले होते. पुढच्या शनिवारी गेलो. १० किंग हेन्रीज रोड, प्रिमरोझ हिलजवळ, तेही तसंच, व्हिक्टोरियन, रांगेतलं. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास चालू होता तेव्हा. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. आत फोटो, पुस्तकं, मांडलेली खोली. भाडेकरू विद्यार्थ्याचं काय मागे राहणार? पोटाला चिमटा काढून पुस्तकं घेणारा माणूस, जाताना तीच घेऊन गेला. तिथे वस्तूंनी काही सांगायचं नाहीये, आणि तरी आई प्रत्येक फोटोसमोर हात जोडून उभी राहिली, एकेका फोटोला पुरेसा वेळ देऊन, आणि एका फ्रेमच्या खालच्या कडेवरून तिने हळूच बोट फिरवून बघितलं.

“स्वच्छ आहे,” म्हणाली. तिला फार बरं वाटलं.

परत येताना हॅरोला उतरल्यावर ती औषधांच्या दुकानात शिरली आणि मी शॅम्पू बघत होते तोवर तिने काउंटरवर दाढीचा ब्रश आणून ठेवला. माझा नवरा मशीनने दाढी करतो, तिला माहीत आहे. घरी आल्यावर तिने माझ्या शोकेसचं दार उघडलं, खाली माझी जुनी चादर घडी करून पसरली, माझ्या मुलीला हाक मारली आणि सावंतवाडीचा लाकडी गणपती तिच्या हातात देताना म्हणाली, “दोन्ही हातांनी घे. हं. आता मोज, हा एक.”